डाळ पोटात जाऊ द्या, अंगाला नको

ताई, नमस्कार. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आठव्या महिन्यापासून त्याला इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्यामागच्या लवणीत कातडी जाड झाली आहे. रात्री इतकं खाजवतो की चादरीवर रक्ताचे डाग पडतात. सात महिन्यांपूर्वी रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी केली. त्यात दूध, अंडं, शेंगदाणा, हरभरा आणि तूर पॉझिटिव्ह आलं. त्याआधी तो हे सगळं खायचा. खाल्ल्या खाल्ल्या अंगावर गांधी उठल्या किंवा उलटी झाली, असं कधी झालं नाही. तरी लॅबने दिलेल्या यादीप्रमाणे आम्ही सगळं बंद केलं. सासूबाईंनी वांगं, मटकी आणि इतर डाळीही बंद करायला सांगितल्या. आता तो भात, चपाती, बटाटा, साबुदाणा आणि फळं खातो. खाज सुरुवातीला कमी वाटली, पण पुन्हा वाढली. वजन १३ किलोवर अडकलं आहे. माझ्या दिरांनी वाटाण्याच्या प्रोटीनची पावडर आणून दिली आहे. वनस्पतींच्या प्रोटीनने इसब मुळापासून जातो, असं त्यांना व्यायामशाळेत कळलं. डबा अजून उघडलेला नाही. धाकटी पाच महिन्यांची आहे. तिचेही गाल कोरडे आणि लाल होतात. सासूबाई दोघांनाही रोज डाळीचं पीठ आणि साय लावून न्हाऊ घालतात. पावडर सुरू करू का? आणि धाकटीला पुढे शेंगदाणा, डाळ द्यायचीच नाही का?
— एक आई, कराड

नमस्कार.

डबा उघडला नाहीत ते बरं केलंत. त्याच्याकडे येते, पण आधी वजनाबद्दल बोलायला हवं, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या आकड्याची वाटली. साडेचार वर्षांचा मुलगा, १३ किलो, आणि सात महिन्यांत काटा हललेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्याचं मधलं वजन सतरा किलोच्या थोडं वर आहे. १३ किलो म्हणजे ज्या रेषेखाली मूल कमी वजनाचं समजतात, त्या रेषेच्याही खाली. इसब त्याला त्रास देतोय हे खरंच आहे, पण त्याचं ताट त्याला त्याहून जास्त त्रास देऊ लागलंय.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १६ ग्रॅम प्रथिनं लागतात. हे काही फार नाही. तीस ग्रॅम कोरड्या डाळीचं वाटीभर घट्ट वरण केलं की त्यातून सात ग्रॅमच्या आसपास मिळतात. पेलाभर दुधातून सहा, एका अंड्यातून सहा, लहान मूठभर शेंगदाण्यांतून चार. तुमच्याकडे ही चारही दारं एकदमच बंद झाली. उरला भात आणि चपाती, त्यांतून काही ग्रॅम मिळतात. साबुदाण्यात तर प्रथिनं जवळजवळ नसतातच, ते निव्वळ पिठूळ पोटभरीचं अन्न. शिवाय धान्याच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी पडतो आणि डाळीत तो भरपूर असतो. आपल्याकडे वरण आणि भात पिढ्यान् पिढ्या एकाच ताटात आले, त्याचा हा फायदा. त्यातलं वरण काढून घेतलं तर भाताचीही किंमत कमी होते.

इसब असलेल्या मुलाला प्रथिनं कमी पडणं जास्त महाग पडतं. त्याची कातडी सतत सोलली जाते, चिघळली की लस वाहते, आणि त्या लसेतून प्रथिनंच बाहेर जातात. नवी कातडी घडवायला पुन्हा तीच लागतात.

आता दिरांचा डबा. त्यांनी पुतण्याच्या मायेपोटी आणला आहे, आणि त्यांना जे कळलं त्याच्या मुळाशी एक खरा धागा आहे. म्हणून नुसतं 'नको' म्हणून सोडून देत नाही.

जुन्या घराच्या कुडाला मातीचं लिंपण असायचं, ते तुम्ही पाहिलं असेल. लिंपण धड असेल तर वारा आत येत नाही आणि भिंतीची ओल टिकते. ते तडकलं की दोन्ही जातं. आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थराचं काम असंच चालतं. तो थर घडवायला फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन लागतं. २००६ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात आयर्विन मॅक्लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की ज्यांच्या फिलॅग्रिनच्या जनुकात दोष असतो, त्यांना इसब होण्याची शक्यता बरीच वाढते. तोपर्यंत इसब म्हणजे रक्तातला किंवा पोटातला दोष कातडीवर उमटतो, असंच बहुतेक जण धरून चालत. या शोधानंतर नजर पुन्हा कातडीवर आली. अनेकांच्या बाबतीत लिंपणच मुळात कच्चं असतं.

फिलॅग्रिनचं काम झालं की कातडी ते मोडते, आणि त्यातून निघणारे घटक पाणी धरून ठेवतात. त्यांत हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मग कुणाला वाटणारच, की हिस्टिडीन खायलाच दिलं तर? ब्रिटनमध्ये हा प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये छापून आला. इसब असलेल्या २४ प्रौढांना चार आठवडे रोज चार ग्रॅम हिस्टिडीन दिलं. इसबाची तीव्रता सुमारे एक तृतीयांशाने कमी झाली, नुसत्या दिखाऊ पुडीने तसा फरक पडला नाही. वाचून मलाही आनंद झाला होता. पण माणसं चोवीस, सगळी प्रौढ, आणि दिलेला पदार्थ शुद्ध हिस्टिडीन. तूर किंवा मसुराच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत ते पाऊण ग्रॅमच्या आसपास असतं. चार ग्रॅम भरायचे तर अर्धा किलोहून जास्त डाळ शिजवून एका दिवसात संपवावी लागेल. डाळ खाऊन हा औषधी डोस गाठता येत नाही, आणि मोठ्यांच्या प्रयोगातला डोस लहान मुलाला द्यायचाही नसतो.

दुसरा एक अभ्यास जपानमधला, २००१ चा. वीस प्रौढ रुग्णांना दोन महिने शाकाहारी जेवण दिलं आणि त्यांचा इसब बराच कमी झाला. 'शाकाहाराने इसब जातो' असं सांगणाऱ्यांच्या बोलण्यात तो येतो. पण त्या जेवणात उष्मांकही फार कमी होते, म्हणजे ती माणसं अर्धपोटी होती, आणि तुलनेसाठी नेहमीचं जेवणारा दुसरा गट नव्हता. फरक शाकाहाराने पडला, कमी खाण्याने पडला की आपोआप पडला, हे त्यातून कळूच शकत नाही. आणि १३ किलोच्या मुलाला कमी उष्मांकाचं जेवण देण्याचा विचारही करू नये.

डाळींची एक बाजू मात्र मला मनापासून आश्वासक वाटते. डाळीत प्रथिनांबरोबर तंतूही असतात. आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान आम्लं तयार होतात. उंदरांवरच्या २०२२ मधल्या प्रयोगात ही आम्लं रक्तातून कातडीपर्यंत पोचून वरचा थर मजबूत करताना दिसली. उंदरांत दिसलेलं माणसाच्या मुलात तसंच दिसेल असं नाही. पण हे तंतू अख्ख्या मुगात आणि मसुरात असतात. वाटाण्याचं प्रथिन वेगळं काढून पावडर करताना ते बहुतेक निघून गेलेले असतात.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. डाळी, कडधान्यं, शेंगदाणे हे मुलाचं अन्न आहे, ते त्याला मिळालंच पाहिजे. इसबाचं औषध म्हणून त्यांच्याकडे पाहण्याइतका भक्कम पुरावा आज नाही, आणि डब्यातल्या पावडरीसाठी तर त्याहून नाही. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये भारतात मिळणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या, तेव्हा बहुतेक डब्यांवर छापलेला प्रथिनांचा आकडा आणि आतला आकडा जुळला नाही. काहींत बुरशीचं विष आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले. शिवाय वाटाणा हा शेंगदाणा, हरभरा आणि तुरीचाच भाऊबंद. ज्या मुलाच्या रक्ताने या कुळातल्या तीन पदार्थांकडे बोट दाखवलं आहे, त्याला त्याच कुळातलं प्रथिन चमचा चमचा घट्ट करून घरच्या घरी देऊ नये. डबा दिरांना परत द्या. पुतण्यासाठी काही आणायचंच असेल तर गावरान मूग आणायला सांगा.

आता ती रक्ताची तपासणी. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण घरोघरच्या ताटांची नासाडी मी याच कागदावरून सुरू होताना पाहते.

ही तपासणी रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं आहेत का ते सांगते. आहेत म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढंच. त्या पदार्थाने त्रास होतोच, असा त्याचा अर्थ नाही. म्हैसूर-बंगळुरू भागातल्या प्रौढांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं होती, पण खरी अन्न-अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता होती फक्त १.२ टक्के लोकांना. इसब असलेल्या मुलांत तर अशी प्रतिपिंडं आणखी सर्रास सापडतात. म्हणून खाताना कधी त्रास झाला का, ही हकीकत आधी, आणि कागद नंतर. तुम्ही लिहिलंय की तो हे सगळं खायचा आणि गांधी, उलटी असं कधी झालं नाही. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा हे वाक्य पहिलं सांगा. ज्यात आयजीईऐवजी आयजीजी मोजून शंभर-दोनशे पदार्थांची यादी देतात, ती तपासणी कुणी सुचवली तर अजिबात करू नका. ती प्रतिपिंडं म्हणजे ते अन्न खाल्ल्याची नुसती खूण असते, आणि युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी करू नये असं सांगितलं आहे.

इसब जास्त असलेल्या लहान मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना खरोखर एखाद्या अन्नाची अ‍ॅलर्जी असते. तुमचा मुलगा त्यांत असूही शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवायचं. पण अन्नाची अ‍ॅलर्जी असणं वेगळं आणि अन्नामुळे इसब असणं वेगळं. पदार्थ तोडून इसबात किती फरक पडतो, याचे दहा प्रयोग एकत्र करून २०२२ मध्ये पाहिले गेले. एकूण ५९९ रुग्ण. पदार्थ तोडलेल्यांपैकी ५० टक्के लोकांत लक्षात येण्याजोगी सुधारणा झाली. न तोडलेल्यांत ती ४१ टक्के लोकांत झाली. या दुसऱ्या आकड्याकडे नीट बघा. काहीही न तोडता शंभरातल्या एक्केचाळीस जणांना बरं वाटलं. इसब असाच असतो, उन्हाळ्यात एक, थंडीत दुसरा, दाताच्या दिवसांत तिसरा, आपणहून चढतो आणि आपणहून उतरतो. तुम्ही दूध-डाळ बंद केलीत तेव्हा त्याची खाज उतरणीवर असेल, म्हणून गुण आल्यासारखं वाटलं. पुन्हा चढली तेव्हा आणखी काय बंद करायचं, हा शोध सुरू झाला. मी नोकरीला लागले त्या वर्षांत अशा 'बंद'च्या याद्या मीही आयांच्या हातात ठेवल्या आहेत. त्या मुलांची वजनं नंतर वहीत बघताना मला फार वाईट वाटायचं.

तोडण्याचे दोन धोके कुणी सांगत नाही. एक वजनाचा. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये बावीस महिन्यांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. इसब होता आणि दूध सोसत नाही असं वाटलं, म्हणून घरच्यांनी दूध बंद करून तांदळाचं तयार पेय सुरू केलं. वनस्पतींचं, शुद्ध, निरोगी, असाच त्यांचा समज. त्यातून मुलाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.३ ग्रॅम प्रथिनं मिळत होती. तो रुग्णालयात आला तेव्हा अंगावर सूज होती, क्वाशिओरकोर, म्हणजे प्रथिनं फार कमी पडल्याने होणारा आजार, झाला होता, जो आपण दुष्काळी भागातल्या पोरांच्या फोटोंत बघतो. सधन देशात, शिकलेल्या आईबापांच्या घरात.

दुसरा धोका जास्त अवघड आहे. मूल एखादा पदार्थ नियमित खात असतं तेव्हा शरीर त्याच्याशी जुळवून घेऊन असतं. रक्तात प्रतिपिंडं असताना तो पदार्थ महिनोन् महिने तोडला, तर ती सोसण्याची सवय मोडू शकते. पूर्वी तात्काळ त्रास कधीच न झालेल्या, पण इसबासाठी पदार्थ तोडलेल्या मुलांचा अमेरिकेत अभ्यास झाला. त्यांतल्या जवळपास पाचव्या हिश्श्याच्या मुलांना पुढे तोच पदार्थ खाल्ल्यावर नव्याने तात्काळ अ‍ॅलर्जी आली.

म्हणून, माझं पत्र वाचून उद्या सकाळी त्याला दूध-अंडं देऊ नका. शेंगदाणा तर नाहीच. कागदावर पॉझिटिव्ह आलेले पाचही पदार्थ सात महिन्यांनी पुन्हा सुरू करायचे तर बालरोगतज्ज्ञांच्या किंवा अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या समोर, त्यांच्या दवाखान्यात, थोड्या मात्रेपासून. गरज वाटली तर ते आधी पुन्हा तपासणी करतील. भेट लवकरात लवकर ठरवा, पुढच्या सणापर्यंत थांबू नका.

पण मूग, मसूर आणि मटकी त्या यादीत नव्हते. ते सासूबाईंच्या सांगण्यावरून गेले. डॉक्टरांची भेट ठरवताना फोनवर एवढं विचारून घ्या की यादीबाहेरच्या आणि पूर्वी विनात्रास खाल्लेल्या डाळी सुरू केल्या तर चालेल ना. ते हो म्हणाले की त्याच दिवशी मुगाच्या डाळीने सुरुवात करा. पहिल्या दिवशी दोन चमचे मऊ मुगाचं वरण, सकाळच्या वेळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. तीन-चार दिवसांत अर्धी वाटी. मग मुगाची खिचडी, मुगाचं धिरडं, मसुराची आमटी. एक डाळ स्थिरावली की दुसरी. वरणावर तूप घालायचं म्हणाल तर दुधाचा निकाल लागेपर्यंत थांबा, साजूक तुपातही दुधाच्या प्रथिनांचा अंश राहतो. तोवर खोबरेल किंवा करडईचं तेल घाला, त्याला उष्मांकही हवेत.

कुठलाही पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांपासून दोन तासांच्या आत अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, सारख्या उलट्या झाल्या, खोकला लागला, आवाज बसला किंवा मूल एकदम मलूल झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालयात न्या. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. दोन दिवसांनी लवणीत थोडी लाली वाढली, तर ती या प्रकारची नाही. ती लिहून ठेवा, पण तेवढ्यावर डाळ बंद करू नका.

सासूबाई मटकीला वातूळ म्हणतात, वांग्याने खाज वाढते म्हणतात. वांग्याने घशाला खाज सुटणारी माणसं असतात, हे खरं आहे. तुमच्या मुलाला तसं होत असेल तर वांगं न खाल्ल्याने त्याचं काही बिघडत नाही. डाळींचं तसं नाही. ज्या मुलाच्या ताटात दूध-अंडं नाही, त्याच्या ताटातून डाळही गेली तर दुसरं काही उरत नाही. त्यांना हे असंच सांगून बघा, वजनाचा कागद समोर ठेवून.

आणि आता ते डाळीचं पीठ. खरं तर तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सगळ्यात लवकर बदलायला हवी आहे.

बाळाला तेल लावायचं, मग डाळीचं पीठ सायीत कालवून चोळायचं आणि कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, हे आपल्या घराघरांत प्रेमाने चालत आलं आहे. धड कातडीच्या बाळाचं त्याने सहसा बिघडत नाही. इसबाने लिंपण तडकलेल्या कातडीवर मात्र त्या पिठातलं हरभऱ्याचं आणि सायीतलं दुधाचं प्रथिन आत शिरतं. तोंडावाटे आलेल्या अन्नाला आतडं ओळखीने घेतं. तेच अन्न फाटक्या कातडीतून आलं तर शरीराला ते घुसखोर वाटतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. लंडनमधले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक यांनी मांडलेला हा विचार आता जगभर मानला जातो. त्यांच्याच गटाला २००३ मध्ये ब्रिटनमध्ये असं आढळलं होतं, की पुरळ आलेल्या कातडीवर शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांत पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त होती. जपानमध्ये तर २०१० च्या आसपास एका चेहऱ्याच्या साबणाने हाहाकार केला. त्या साबणात बारीक तुकडे केलेलं गव्हाचं प्रथिन घातलं होतं. रोज तो साबण लावून, जन्मभर गहू खाल्लेल्या दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली. कित्येकांना गव्हाचं काही खाऊन जरा धावपळ केली की अंगभर गांधी आणि धाप. वनस्पतीचंच प्रथिन, खाण्यातलंच. फक्त गेलं कातडीतून.

तुमच्या मुलाच्या कागदावर नेमके हरभरा आणि दूध का आले, याचं उत्तर मी पत्रावरून देऊ शकत नाही. पण रोज त्याच दोन गोष्टी त्याच्या चिघळलेल्या अंगाला चोळल्या जातात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दोघांचंही डाळीचं पीठ, साय आणि उटणं आजपासून थांबवा. शेंगतेल, तिळाचं आणि मोहरीचं तेलही कातडीला नको. ओट्सची पेजसुद्धा इसबाला लावायला सांगतात. तिचा काहींना आराम पडतो, पण तेही धान्याचं प्रथिन, म्हणून फाटलेल्या कातडीवर मी घरी कालवून लावायला सांगत नाही. तेलच लावायचं तर खोबरेल. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल हे मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं होतं.

धाकटीचा प्रश्न यालाच जोडून आहे. शेंगदाणा द्यायचाच नाही का, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर उलट आहे. तिला सगळं वेळेवर, तोंडावाटे द्यायचं. लॅक यांच्या लक्षात आलं होतं की इस्रायलमधली बाळं लहानपणापासून शेंगदाण्याचा खाऊ खातात आणि तिथे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी फार कमी आहे. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत, जी शेंगदाण्यापासून लांब ठेवली जात, ती सुमारे दहापट होती. मग त्यांनी चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं घेतली. सगळ्यांना जबर इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती. निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत शेंगदाणा दिला, निम्म्यांना टाळला. निकाल २०१५ मध्ये आला. टाळलेल्यांपैकी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली. खाल्लेल्यांत ती ३.२ टक्के. ज्याच्या भीतीने टाळत होतो, तेच टाळण्याने घडत होतं. वनस्पतीच्या प्रथिनाने इसबाच्या बाळाचं खरोखर भलं केल्याचा माझ्या माहितीतला सगळ्यात पक्का पुरावा हाच आहे. त्याने इसब बरा झाला नाही, पण इसबाच्या मागोमाग येणारी मोठी अ‍ॅलर्जी थोपवली.

धाकटीला आता पाचवा महिना आहे. सहा महिने पूर्ण होत आले की वरचं अन्न सुरू करा. दूध तुमच्या अंगावरचं चालूच. मुगाचं पाणी नको, चमच्यावर थांबेल एवढं घट्ट वरण द्या. तिच्या गालांवर नुसता कोरडेपणा आणि लाली असेल तर शेंगदाणा आणि अंडंही पहिल्या काही आठवड्यांतच येऊ द्या. अंगभर चट्टे असतील, लस येत असेल, तर शेंगदाण्याआधी डॉक्टरांना दाखवा, लॅक यांच्या अभ्यासातही बाळांची आधी चाचणी केली होती. भाऊ असा आहे म्हणून मी तरी एकदा विचारूनच घ्या म्हणेन. आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट असतंच. ते भाजलेल्या दाण्यांचं, साल काढून, कण राहणार नाही असं वस्त्रगाळ करायचं आणि नाचणीच्या खिरीत किंवा मऊ भातात कालवायचं. पहिल्यांदा चिमूटभर, मग पाव चमचा. अख्खा किंवा अर्धा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतो. त्या अभ्यासातली बाळं आठवड्याला साधारण २५ ग्रॅम दाण्यांइतकं, तीन वेळांत वाटून खायची. एकदा सोसलं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहायचं. मध्येच सोडून द्यायचं नाही. एक पथ्य मात्र घरातल्या सगळ्यांना. दादाला शेंगदाण्याचा निर्णय होईपर्यंत धाकटीची वाटी त्याच्या हाती लागू देऊ नका, आणि तिला भरवून झालं की तिचं तोंड आणि आपले हात धुवा.

कातडीचे उपचार हा माझा विषय नाही, ते त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील. तरी दोन गोष्टी सांगते, कारण नुसतं ताट सुधारून त्याची रात्रीची झोप परत येणार नाही. औषधी नसलेलं साधं, बिनवासाचं, घट्ट मलम भरपूर लागतं. एवढ्या मुलाला आठवड्याला पाव किलोपर्यंत. आपण बोटभर लावतो आणि गुण नाही म्हणतो. आणि डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलं तर त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरतं, सांगितलेल्या जागी, न घाबरता लावा. औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेलं, बुरशी-जंतू-खाज सगळ्यांवर एकच असं तीन-चार औषधांचं मिश्रण मात्र कधीही नको. त्यात बऱ्याचदा फार तीव्र स्टेरॉइड असतं आणि लहान मुलाची कातडी त्याने कायमची पातळ होऊ शकते.

डॉक्टरांकडे जाताना तो रक्ताचा कागद, जन्मापासूनच्या वजनांचं लसीकरणाचं कार्ड, आणि गेल्या तीन दिवसांत त्याने खाल्लेलं सगळं, बिस्किटासकट, लिहून न्या. सोबत सासूबाईंनाही न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटेल, आणि त्यांच्यामागे तुम्हाला घरात एकटीने वाद घालावा लागणार नाही.

न्हाऊ घालणं मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नका. त्या हातांची मुलांना सवय आहे. पाणी कढत नको, कोमट. पाच-सात मिनिटं पुरेत. पिठाच्या जागी सौम्य, बिनवासाचं साबणाऐवजीचं द्रव्य, तेही मळ असेल तिथेच. घासायचं नाही, पंचाने टिपायचं. आणि अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, डोक्यापासून पायापर्यंत मलम. पूर्वी ज्या वाटीत त्या पीठ कालवायच्या, त्याच वाटीत आता मलम काढून त्यांच्या हातात द्या.